चिमणराव ते आबा टिपरे : दिलीप प्रभावळकर यांची वाटचाल

प्रतिनिधी, गंगापूर

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाचा इतिहास लिहायला घेतला, तर त्याच्या दोन टोकांना दोन घरे उभी राहतात. एक पुण्यातील चिमणराव जोगांचे, दुसरे मुंबईतील टिपऱ्यांचे. पहिले घर सत्तरच्या दशकात कृष्णधवल पडद्यावर दिसले, दुसरे नव्या शतकाच्या आरंभी खासगी वाहिनीवर. या दोन्ही घरांचा कर्ता नट एकच होता, दिलीप प्रभावळकर. एखाद्या हास्यनटाला अशी एक भूमिका लाभली तरी त्याचे नाव राहते. प्रभावळकर यांना सुमारे पाव शतकाच्या अंतराने दोन लाभल्या आणि दोहोंच्या मध्ये त्यांनी विनोदी नट हा शिक्का स्वत:वर कायम बसू दिला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण याच गोष्टीत आहे.

विज्ञानाचा विद्यार्थी, बालनाट्याचा नट

प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. घरात रंगभूमीचा वारसा नव्हता. विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्यांनी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात नोकरी धरली आणि नोकरी सांभाळून नाटक केले. त्या पिढीतील बहुतेक मराठी नटांची वाट हीच होती. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम आणि शनिवार-रविवारी प्रयोग. नाटकावर घर चालत नसे, त्यामुळे भूमिका निवडताना पोटाची चिंता थोडी बाजूला ठेवता येत असे. नको ते काम नाकारण्याची मुभा या नोकरीने अनेकांना दिली.

त्यांच्या घडणीत रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्य संस्थेचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या चळवळीने मुलांच्या नाटकाला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये प्रभावळकर यांनी चेटकीण रंगवली. तरुण पुरुषाने म्हातारी चेटकीण व्हायचे, समोरच्या चिमुरड्यांना घाबरवायचेही आणि हसवायचेही, असा हा दुहेरी कस होता. बालप्रेक्षक भिडस्त नसतो. कंटाळा आला की तो लगेच बोलू लागतो. आवाज बदलणे, पाठीचा कणा वाकवणे, चाल शोधणे आणि मूळ चेहरा पार पुसून टाकणे, ही पुढे त्यांची ओळख ठरलेली हत्यारे या चेटकिणीच्या निमित्ताने परजली गेली. हेच नाटक २०१८ मध्ये नव्या संचात आले, तेव्हा चेटकीण वैभव मांगले यांनी केली. जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी तुलनेला नाव मात्र प्रभावळकरांचेच आले.

वरळीच्या स्टुडिओतला चिमणराव

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वर्षभराने पुण्यातही ते दिसू लागले. एका इमारतीत एखाद-दुसरा संच आणि त्यासमोर शेजारपाजारचे सगळे, असा तो काळ. वाहिनी एकच, वेळ संध्याकाळची आणि दृश्य कृष्णधवल. विनायक चासकर यांच्या ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांतून छोट्या नाटुकल्या गाजत होत्या. परंतु तीच पात्रे, तेच घर आणि दर भागात नवी फजिती ही रचना मराठी प्रेक्षकांना अजून नवी होती. ती रुजवली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेने.

मालिकेचा आधार होता चिं. वि. जोशी यांच्या कथांचा. बडोद्यात अध्यापन करणारे पाली भाषेचे हे विद्वान (१८९२-१९६३) ‘चिमणरावाचे चऱ्हाट’सारख्या पुस्तकांमुळे घरोघरी पोचलेले होते. त्यांच्या चिमणरावाला पडद्याचाही पूर्वानुभव होता. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे दूरदर्शनच्या निर्मात्या विजया जोगळेकर यांनी ही मालिका हाती घेतली, तेव्हा वाचकांच्या मनात एक चिमणराव होता आणि जुन्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर दुसरा. तिशीतल्या प्रभावळकरांना या दोघांच्या पंक्तीत जागा मिळवायची होती.

चिमणराव हा विनोद करणारा माणूस नाही, विनोद त्याच्यावर होतो. तो भित्रा आहे, भोळा आहे, स्वत:ला व्यवहारी समजतो आणि प्रत्येक वेळी फसतो. त्याच्या शेजारी गुंड्याभाऊ धिप्पाड, रोखठोक आणि हात उगारायला तयार. या जोडीतील गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी केला, तर चिमणरावाची पत्नी काऊ स्मिता पावसकर यांनी. कर्वे यांची भरदार अंगकाठी आणि प्रभावळकरांचा किरकोळ, सतत अवघडलेला देह एका चौकटीत आले की अर्धे काम संवादाआधीच होत असे.

दूरचित्रवाणीचा कॅमेरा हा रंगमंचाहून निराळा समीक्षक होता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी केलेले हातवारे त्याला भडक वाटत. संकलनाची सोय तुटपुंजी असल्याने प्रसंग सलग वठवावा लागे, म्हणजे नाटकाची शिस्त हवी आणि नाटकी आविर्भाव नको. प्रभावळकरांनी हा तोल लवकर ओळखला. त्यांचा चिमणराव डोळ्यांनी घाबरतो आणि अडखळत्या वाक्यांनी बाजू सावरतो. आपण हास्यास्पद आहोत, हे पात्राला ठाऊक नसते आणि ठाऊक असल्याचे नटही दाखवत नाही. पुढे ‘ये जो है जिंदगी’ने १९८४ मध्ये हिंदी प्रेक्षकांना घरगुती विनोदी मालिकेची गोडी लावली. मराठी घरांना ती काही वर्षे आधीच लागली होती.

मालिकेच्या लोकप्रियतेतून १९७९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यातही हीच जोडी होती. मराठवाड्याच्या दृष्टीने याला वेगळे महत्त्व आहे. मालिका चालू असताना दूरदर्शनचे जाळे मुंबई-पुण्याच्या पलीकडे फारसे नव्हते. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत छोटा पडदा ऐंशीच्या दशकात पोचला. इकडच्या वाचकाला चिमणराव ठाऊक होता तो पुस्तकांतून आणि ग्रंथालयांतून. प्रभावळकरांचा चिमणराव त्याला नंतर भेटला.

त्या काळी ध्वनिचित्रफीत महाग होती. एकदा प्रक्षेपण झाले की त्याच फितीवर नवे मुद्रण करण्याचा प्रघात होता. त्यामुळे दूरदर्शनच्या आरंभीच्या वर्षांतील पुष्कळ काम कायमचे पुसले गेले. चित्रपटातील नटाची कामगिरी पुन्हा तपासता येते. पहिल्या पिढीच्या दूरदर्शन नटांची कामगिरी बऱ्याच अंशी प्रेक्षकांच्या आठवणींवर उभी आहे. चिमणरावाच्या कौतुकाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

शिक्का पुसण्याची धडपड

एवढ्या यशानंतर कोणत्याही नटापुढे मोठा मोह उभा राहतो. त्याच चालीचे, त्याच आवाजाचे आणखी दहा चिमणराव करावेत, लोकांना तेच हवे असते. जोडीदार बाळ कर्वे यांनीही रंगभूमीवर आणि पडद्यावर नाना भूमिका केल्या. तरी लोकांनी त्यांना अखेरपर्यंत ‘गुंड्याभाऊ’ म्हणूनच हाक मारली. ऑगस्ट २०२५ मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हाही प्रत्येक बातमीत तेच नाव होते. लोकप्रिय भूमिका नटाला किती प्रेम देते आणि त्याबदल्यात काय घेते, याचे हे उदाहरण आहे.

प्रभावळकरांनी या मोहाला दिलेले उत्तर सोपे नव्हते. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’त ते मतिमंद मुलाचे पिता झाले. विनोदाची चाहूल नसलेली, थकलेल्या आईबापांची ही कहाणी. १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ या चित्रपटात त्यांनी बाजू उलटी केली आणि स्वत: मतिमंद नंदू साकारला. स्मिता तळवलकर यांची निर्मिती असलेल्या या चित्रपटात नंदूच्या आईची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. अशा व्यक्तिरेखेचे हसे होण्याचा धोका फार असतो, आणि नट विनोदासाठी प्रसिद्ध असेल तर तो दुपटीने वाढतो. प्रेक्षक नंदूला हसले नाहीत. तो क्षण प्रभावळकरांच्या वाटचालीत निर्णायक मानावा लागेल.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त ते तात्या विंचू झाले. मरताना मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरणारा हा गुंड. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली ही कल्पना मराठी मातीत अशी मुरली, की बाहुला म्हटले की महाराष्ट्रातल्या मुलांना आजही तात्या विंचू आठवतो. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्याला आवाज प्रभावळकरांचा होता. पडद्यावर नटाचा देह थोडाच वेळ दिसतो, उरलेले सारे काम आवाज करतो. बालनाट्यातली चेटकीण इथे कामी आली, असेच म्हणावे लागेल.

एकाच प्रयोगात सहा माणसे

रंगभूमीवर त्यांच्या बहुरूपी वृत्तीचा कळस झाला ‘हसवाफसवी’त. नाटक त्यांनीच लिहिले आणि त्यात सहा वेगवेगळ्या भूमिका केल्या. त्यांतील वयोवृद्ध संगीत नट कृष्णराव हेरंबकर प्रेक्षकांच्या विशेष स्मरणात राहिले. संगीत रंगभूमीचे वैभव पाहिलेला, आता देह आणि काळ दोन्ही हातून सुटलेला हा म्हातारा हसवता हसवता गळा दाटून आणतो. वेशांतराच्या करामतीपुढे जाऊन एका लोपलेल्या पिढीला केलेला तो नमस्कार होता. पुढे हे नाटक पुष्कर श्रोत्री यांनी नव्याने रंगमंचावर आणले.

एकाच नटाने अनेक माणसे उभी करण्याचा हा प्रकार मराठवाड्याला परका नाही. छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन केलेले दिवंगत प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा रंगवत. दोघांची रीत मात्र भिन्न. देशपांडे रंगभूषा न बदलता, एका उपरण्याच्या आणि आवाजाच्या जोरावर क्षणात एका माणसातून दुसऱ्यात जात. प्रभावळकर प्रत्येक वेळी पूर्ण वेश धारण करून येत आणि मागचा माणूस विंगेतच ठेवून येत. एकात निवेदकाची वेगवान कला होती, दुसऱ्यात नटाने स्वत:ला मिटवून टाकण्याची.

रोजनिशीतून आलेले टिपरे

प्रभावळकर यांच्यातील लेखक नटाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची विनोदी पुस्तके वाचकप्रिय आहेत. उचापती पण निर्मळ मनाचा ‘बोक्या सातबंडे’ हा त्यांचा बालनायक आधी आकाशवाणीवर अवतरला, मग पुस्तकांत आणि २००९ मध्ये चित्रपटात. या पुस्तकमालेला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या भूमिकांचा मागोवा त्यांनी ‘एका खेळियाने’ या पुस्तकात घेतला आहे.

‘लोकसत्ता’मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरातून टिपरे कुटुंब जन्माला आले. एका मध्यमवर्गीय घरातील सदस्यांच्या रोजनिशीतून दिसणारे रोजचे जगणे, असे त्या लेखनाचे स्वरूप. त्यावर बेतलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. शेखर आणि श्यामला या मुलगा-सुनेच्या भूमिका राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांनी केल्या. नातवंडे शिऱ्या आणि शलाका झाले विकास कदम आणि रेश्मा नाईक. आबा अर्थातच प्रभावळकर. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते आणि वयाने आपल्याहून बराच मोठा आजोबा रंगवत होते.

त्याच सुमारास छोट्या पडद्यावर सासू-सुनांची कारस्थाने, भरजरी साड्या आणि न संपणारे कलह यांची चलती होती. टिपऱ्यांच्या घरात खलनायक नव्हता. नळाचे पाणी, परीक्षेचा निकाल, पाहुण्यांची वर्दळ, कुणाचा तरी रुसवा, एवढ्या भांडवलावर भाग उभा राही. प्रत्येक भागात एक छोटी गुंतागुंत होई आणि अखेरीस आबांच्या रोजनिशीत तिचा निचरा होई. केबलच्या जोडणीमुळे शहर आणि तालुका यांतले प्रक्षेपणाचे अंतर तोवर मिटले होते. चिमणरावाच्या वेळी मागे राहिलेला मराठवाड्याचा प्रेक्षक या वेळी मुंबईच्या बरोबरीने हसत होता. २००५ च्या आरंभी, लोकांना हवीहवीशी असतानाच, मालिका थांबली.

आबांमध्ये चिमणरावाचा अंश शोधणारे पुष्कळ होते. दोघेही भाबडे, दोघेही नको तिथे लुडबुड करणारे. फरक घराच्या रचनेत आहे. चिमणराव नावापुरता का होईना, कर्ता पुरुष आहे. त्याच्या भोवती आई, बायको, मुले आणि नात्यातली माणसे यांचा गोतावळा आहे. त्याची फजिती होते ती या गोतावळ्याचा भार पेलताना. आबा निवृत्त आहेत, घर मुलाच्या हाती आहे आणि निर्णय त्यांना विचारून होतातच असे नाही. त्यांची लुडबुड म्हणजे आपण अजून या घराच्या उपयोगाचे आहोत, हे स्वत:ला पटवण्याचा प्रयत्न आहे. चिमणरावाला हसताना प्रेक्षक माणसाच्या भित्रेपणाला हसत होता. आबांना हसताना त्याला स्वत:च्या घरातील खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले वडील आठवत होते. पाव शतकात मराठी मध्यमवर्गीय कुटुंब कसे बदलले, हे समाजशास्त्राच्या ग्रंथाइतक्याच नेमकेपणाने या दोन भूमिका सांगतात.

गांधींपासून बाबुलीपर्यंत

२००६ मध्ये राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त प्रभावळकर महात्मा गांधी झाले. विनोदी चित्रपटातील गांधी ही कसरतच होती. हसे गांधींचे होता कामा नये आणि चित्रपटाची खेळकर लयही मोडता कामा नये. त्यांचा गांधी उपदेश करत नाही, आजोबांसारखा शेजारी बसून बोलतो. या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी राम गोपाल वर्मा यांच्या ‘सरकार राज’मध्ये ते कपटी रावसाहेब म्हणून दिसले. गांधी आणि रावसाहेब एकाच नटाने केले, हे परप्रांतीय प्रेक्षकांच्या लक्षातही आले नसेल.

पुढल्या वर्षांत ‘देऊळ’ (२०११), ‘नारबाची वाडी’ (२०१३), ‘पोस्टर बॉइज’ (२०१४) अशा चित्रपटांतून ते भेटत राहिले. २०१७ मध्ये ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ ही मालिका झी मराठीवर आली. तीत सुकन्या कुलकर्णी-मोने यांच्यासह त्यांनी वयस्क दांपत्याच्या कुरबुरी रंगवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटात ते कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री झाले. नजर अधू होत चाललेला, तरी रंगमंच न सोडणारा हा नट. वयाच्या ८१व्या वर्षी शरीराची एवढी मागणी करणारी भूमिका त्यांनी पेलली आणि चित्रपटगृहांत गर्दी झाली.

विनोदी नटाचे मोजमाप सहसा त्याने किती हसवले यावरून होते. प्रभावळकरांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. एकाच माणसाकडे पाहून लोक चिमणराव म्हणाले, नंदू म्हणाले, तात्या विंचू म्हणाले, आबा म्हणाले आणि बापूही म्हणाले. इतकी नावे लाभलेल्या नटाला कोणत्याही एका नावात कोंडता येत नाही.

दृष्टिक्षेपात

जन्म : ४ ऑगस्ट १९४४, मुंबई.

दूरचित्रवाणी : चिमणराव गुंड्याभाऊ, श्रीयुत गंगाधर टिपरे (२००१-२००५), चूकभूल द्यावी घ्यावी (२०१७).

रंगभूमी : अलबत्या गलबत्या, नातीगोती, हसवाफसवी.

चित्रपट : चिमणराव गुंड्याभाऊ (१९७९), चौकट राजा (१९९१), झपाटलेला (१९९३), लगे रहो मुन्नाभाई (२००६), सरकार राज (२००८), नारबाची वाडी (२०१३), दशावतार (२०२५).

पुस्तके : अनुदिनी, गुगली, हसगत, कागदी बाण, बोक्या सातबंडे, एका खेळियाने.

सन्मान : सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार (२००६ च्या चित्रपटांसाठी), साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार.